विझलेली वाटलेली आग: एका घरातल्या फायरप्लेसचं प्रकरण

रात्री साडेअकराला त्या घरातल्या फायरप्लेसमध्ये एकही ज्वाळा उरली नव्हती. तळाशी लालसर निखाऱ्यांचा थर होता, त्यावर राखेचं पातळ पांघरूण आणि समोर बसावंसं वाटेल अशी मंद धग. ‘आता विझल्यातच जमा आहे,’ असं म्हणून घरातल्या कर्त्या माणसाने धुराड्याची झडप जवळजवळ लावून टाकली आणि दिवा मालवला. पहाटेपर्यंत त्या घरातली चारही माणसं कार्बन मोनॉक्साइडने आजारी पडली होती. तिसऱ्या दिवशी त्याच शेकोटीच्या राखेने घरामागचा लाकडी ओटा पेटवला. दहाव्या दिवशी धुराड्यात कॅमेरा सोडला, तेव्हा कळलं की आदल्या हिवाळ्यात खुद्द धुराड्यातच आग लागून गेली होती आणि घरात कुणालाही तिचा पत्ता नव्हता.

मी घरांची धुराडी आणि हवा खेळण्याची व्यवस्था तपासण्याचं काम करतो. या घरी मला बोलावलं ते पहिल्या दोन घटनांनंतर. कुटुंबाच्या संमतीने हे प्रकरण लिहितो आहे. त्यांची ओळख पटेल असं काहीही यात ठेवलेलं नाही. माणसं काळजी घेणारी होती, हे आधीच सांगतो. घरात धुराचा अलार्म होता, अग्निशामक नळकांडं होतं, शेकोटीपुढे जाळीचा पडदा होता. ठिणगी उडून गालिचा पेटेल याची त्यांना धास्ती होती आणि त्या बाजूचा बंदोबस्त चोख होता. गालिचा, खुर्च्या, पडदे सगळं विस्तवापासून मीटरभर लांब होतं. त्यांची सगळी सावधगिरी ज्वाळेसाठी होती. ज्वाळा गेल्यावर काय उरतं, याकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

घर आणि ती संध्याकाळ

घर दुमजली, जुनं. खाली हॉल, त्याला लागून स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या. हॉलच्या बाहेरच्या भिंतीत विटांची उघडी फायरप्लेस आणि तिच्यावर सुमारे ७ मीटर उंचीचं धुराडं. धुराडं बाहेरच्या भिंतीत असणं ही पहिली अडचण. घराच्या मधोमध असलेलं धुराडं घराच्या उबेने थोडंफार गरम राहतं. बाहेरच्या भिंतीतलं धुराडं तीन बाजूंनी गारठतं, आणि आत थंड, जड हवेचा खांब बुचासारखा बसून राहतो. दुसरी अडचण अलीकडची. दोन वर्षांपूर्वी जुन्या, फटी असलेल्या खिडक्या काढून घट्ट बसणाऱ्या नव्या खिडक्या लावल्या होत्या आणि स्वयंपाकघरात ताकदीचा चिमणी-पंखा बसवला होता. दोन्ही कामं चांगलीच. पण जुन्या खिडक्यांच्या फटींतून आजवर शेकोटीला हवा मिळत होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या संध्याकाळी बाहेर १० अंशांच्या आसपास तापमान होतं आणि वारा पडलेला होता. सव्वासातला शेकोटी पेटवली. लाकडं त्याच वर्षीच्या पावसाळ्याआधी तोडलेली, प्लास्टिकच्या कापडाखाली चहूबाजूंनी गच्च झाकून ठेवलेली. पेटवल्या पेटवल्या धूर खोलीत आला. घरच्यांनी तेव्हा दोन गोष्टी केल्या. दोन्ही अगदी साहजिक, आणि दोन्ही उलट्या. धूर ओढला जावा म्हणून स्वयंपाकघरातला पंखा पूर्ण वेगाने सुरू केला. आणि धूर वर चढतो म्हणून जिन्याच्या वरच्या टोकाची खिडकी किलकिली केली. पंधरा-वीस मिनिटांत धुराडं तापलं, धूर वर जायला लागला आणि सगळे निर्धास्त झाले. पंखा कमी वेगावर तसाच चालू राहिला. खिडकीही तशीच राहिली.

पावणेअकराला दोन जाड ओंडके घातले, रात्रभर पुरावेत म्हणून. ते पेटले नाहीत, धुमसत राहिले. आजोबांचे गुडघे दुखत असल्याने त्यांचं अंथरूण हॉलमध्येच, शेकोटीसमोर होतं. साडेअकराला झडप ओढून जेमतेम पाव भाग उघडी ठेवली गेली. कारण विचारलं तेव्हा मुलगा मला म्हणाला, “सगळी ऊब वर निघून चालली होती. बाबांना थंडी वाजेल असं वाटलं.” हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं देतो आहे. या प्रकारच्या बहुतेक दुर्घटनांच्या मुळाशी निष्काळजीपणा नसतो. घरच्यांना ऊब मिळावी ही काळजी असते, आणि तिला त्या झडपेचं काम नीट ठाऊक नसतं.

पहाटे तीन वाजून दहा मिनिटं

वरच्या खोलीत नऊ वर्षांच्या मुलीला उलटी झाली. “आई, डोकं खूप दुखतंय गं,” एवढंच ती म्हणाली. आईचंही डोकं ठणकत होतं. तिला वाटलं झोप मोडल्यामुळे असेल. नवरा उठला तर त्याला चक्कर येत होती. साथ आली असेल असा पहिला तर्क झाला. आईने मुलीच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. नवऱ्यालाही नव्हता. तिघांना एकाच तासात, एकसारखा, तापाविना त्रास होतो आहे, ही गोष्ट तिला खटकली.

ती खाली आली. हॉलमध्ये धूर नव्हता, वास नव्हता, छताचा धुराचा अलार्म गप्प होता. आजोबा हाक मारूनही लवकर उठेनात. उठले ते बरळल्यासारखं बोलू लागले. घरात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर होतं. तिने ते लावलं. आकडा आला ९७.

इथे ती थांबली असती तर हे प्रकरण मी वेगळ्या शब्दांत लिहिलं असतं. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर रक्ताचा रंग पाहून हिशेब करतं, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायू घेतलेल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही आकडा छान येतो. तिला हे माहीत नव्हतं. तिने आकड्यापेक्षा समोरच्या माणसावर विश्वास ठेवला, बस. “बाबा, उठा, बाहेर चला,” म्हणत तिने दार सताड उघडलं. “अगं, थंडी आहे बाहेर,” असं आजोबा म्हणत असतानाच त्यांना धरून अंगणात आणलं, नवऱ्याने मुलीला उचलून आणलं, आणि बाहेरून आपत्कालीन सेवेला फोन केला. शेकोटी बघायला, निखारे विझवायला, खिडक्या उघडायला कुणी परत आत गेलं नाही. क्रम अगदी योग्य होता. आधी माणसं बाहेर, मग फोन, आणि घराचं काय करायचं ते मापक यंत्र घेऊन येणाऱ्यांनी ठरवायचं.

अग्निशमन दल आलं तेव्हा दार बराच वेळ उघडं होतं, तरी हॉलमध्ये हवेच्या दहा लाख भागांत १६० भाग कार्बन मोनॉक्साइड होता, आणि मुलीच्या खोलीत १२०. रुग्णालयात रक्त तपासलं. आजोबांचं सुमारे १९ टक्के हिमोग्लोबिन त्या वायूने अडवलेलं होतं, मुलीचं १४ टक्के. धूम्रपान न करणाऱ्या माणसात हे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आत असतं. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, म्हणून नुसतं मोकळ्या हवेत आलं तरी तो निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला की तो वेळ साधारण दीड तासावर येतो. मुलगी आणि आईवडील त्याच दिवशी घरी आले, आजोबा दोन दिवसांनी. डॉक्टरांनी त्यांना पुढचे काही आठवडे स्मरणशक्ती, चाल आणि वागणूक यांवर लक्ष ठेवायला सांगितलं, कारण या विषबाधेचे मेंदूवरचे परिणाम काही वेळा माणूस बरा वाटू लागल्यावर, दिवसांनी किंवा आठवड्यांनी, डोकं वर काढतात. आजोबांच्या बाबतीत तसं काही झालं नाही.

निखारे ज्वाळेपेक्षा घातक कसे

सुक्या लाकडाच्या वजनाचा सुमारे चार-पंचमांश भाग तापल्यावर वायू होऊन बाहेर पडतो. ज्वाळा दिसते ती याच वायूंची. ते संपले की उरतो तो कोळसा, आणि तो पृष्ठभागावर जळतो. कोळशाच्या जळण्यातून कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. शिवाय तयार झालेला डायऑक्साइड तापलेल्या कोळशाच्या थरातून वर येताना पुन्हा मोनॉक्साइड बनतो. ज्वाळा असते तेव्हा ती हा वायू वरच्या वर जाळून टाकते. निखाऱ्यांवर ज्वाळाच नसते, त्यामुळे तो न जळता निघतो. धूरही जवळपास नसतो, म्हणून धुराचा अलार्म वाजत नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. वायूला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा तो किंचितच हलका असल्याने खोलीभर सारखा मिसळतो. तेव्हा जमिनीवर झोपलं की वाचतो किंवा पलंगावर झोपलं की वाचतो, या दोन्ही समजुतींना आधार नाही.

म्हणजे शेकोटीला धुराड्याची सर्वांत जास्त गरज लागते ती ती शांत दिसायला लागल्यावर. आणि नेमकी त्याच वेळी धुराड्याची ओढ कमी झालेली असते.

ओढ म्हणजे काय, तर आतली हवा गरम म्हणून हलकी आणि बाहेरची थंड म्हणून जड, यातला फरक. या धुराड्यासाठी मी हिशेब केला. आतली हवा सरासरी १०० अंश आणि बाहेर १० अंश असताना ओढ येते सुमारे २० पास्कल (पास्कल हे दाबाचं माप). निखाऱ्यांवर आल्यावर आतलं तापमान ३५ अंशांपर्यंत उतरलं की ती राहते जेमतेम ७ पास्कल. मग मी दारंखिडक्या लावून स्वयंपाकघरातला पंखा सुरू केला आणि घरातल्या हवेचा दाब मोजला. बाहेरच्यापेक्षा तो ६ पास्कलने कमी झाला. वरच्या न्हाणीघरातला छोटा पंखाही लावला, तर ८. घट्ट खिडक्यांच्या घरात पंख्याने बाहेर फेकलेल्या हवेची भरपाई कुठून तरी व्हायलाच हवी. सर्वांत सोपी वाट होती धुराडं, वरून खाली.

जिन्याची किलकिली खिडकी मी जागेवर पाहिली तेव्हा मात्र मला खरंच हळहळ वाटली. गरम घर हे स्वतःच एक धुराडं असतं. गरम हवा वर चढते, वरच्या फटीतून निघते, आणि खालून नवी हवा ओढून घेते. वरची खिडकी उघडली की घराचं हे ‘धुराडं’ खऱ्या धुराड्याशी स्पर्धा करतं, आणि निखाऱ्यांवर आलेलं खरं धुराडं हरतं. मुलीची खोली त्या जिन्याच्या वाटेवरच होती. हॉलमधली हवा जिन्यातून वर, तिच्या दारावरून खिडकीकडे, असा रात्रभर प्रवाह चालू होता. उघडायला हवी होती ती खालची, शेकोटीच्याच खोलीतली खिडकी, दोन-तीन सेंटीमीटर. तेवढ्याने शेकोटीला हवा मिळते आणि घरातला दाब सावरतो. वरची खिडकी धूर बाहेर काढते असं दिसतं, पण ती तो आधी घरात ओढते.

झडपेबद्दल फार बोलायला नको. निखारे असताना झडप लावणं म्हणजे वायूची वाट बंद करणं. राख आतपर्यंत पूर्ण गार होईपर्यंत ती पूर्ण उघडी राहिली पाहिजे. ऊब वाया जाते हे खरं आहे. उघडी फायरप्लेस मुळातच फार थोडी उष्णता खोलीला देते, बाकीची वरच निघून जाते. ज्याला ती परवडत नाही त्याने दारबंद, प्रमाणित स्टोव्ह बसवावा. झडप ओढून ती उष्णता वाचवता येत नाही.

राख

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा मामा घरी आला. सगळे परत येतील तेव्हा घर आवरलेलं असावं म्हणून त्याने शेकोटी साफ केली. राखेवर हात धरून पाहिला, गार वाटली. खरवडून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरली आणि खोकं मागच्या लाकडी ओट्यावर, वळचणीखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा सुटला. शेजाऱ्यांना धूर दिसला. ओट्याच्या तीन फळ्या जळाल्या, भिंतीवरचं लाकडी आवरण काळवंडलं. पाण्याच्या नळीने आग आटोक्यात आली. आणखी अर्धा तास कुणाच्या नजरेस पडलं नसतं तर वळचणीने पेट घेतला असता.

आपल्या भाषेत ‘आगीतून फुफाट्यात’ म्हणतात. फुफाटा म्हणजे तापलेली राख. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना राखेचा स्वभाव चांगला माहीत असणार, कारण आगीनंतरच्या संकटाला त्यांनी नाव दिलं ते राखेचं. राख उत्तम उष्णतारोधक असते. निखाऱ्याला ती घोंगडीसारखी लपेटते, हवा बेताने पोचू देते, आणि आतला विस्तव तीन-चार दिवस जिवंत राहतो. वरून हात लावून काहीच कळत नाही. खरवडून खोक्यात भरताना नेमकं ते पांघरूण मोडलं, निखारा उघडा पडला, आणि वाऱ्याने फुंकर घालायचं काम केलं.

राखेला लागतं ते घट्ट झाकणाचं पत्र्याचं किंवा लोखंडाचं भांडं. पुठ्ठा, कागदी पिशवी, प्लास्टिकची बादली यांपैकी काहीही चालत नाही. भांडं घराबाहेर, दगडावर किंवा मातीवर, घरापासून निदान ३ मीटर लांब ठेवायचं. फेकण्याआधी पाणी ओतून ढवळायचं. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने राख ओढण्याचा मोह अनेकांना होतो. त्याच्या आत कागदी किंवा कापडी पिशवी आणि जोराचा वारा असतो, म्हणजे निखाऱ्याला हवं ते सगळं. तो कधीच वापरू नये.

धुराड्याच्या आत

या दोन घटनांनंतर धुराड्याची नीट तपासणी करायची ठरलं. किती वर्षांत साफ केलं नव्हतं ते घरात कुणाला आठवत नव्हतं. “धूर वर जातोय ना, मग ठीक आहे,” असाच हिशेब होता. अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं २११ क्रमांकाचं मानक धुराड्याची तपासणी दरवर्षी करायला सांगतं, वापर कमी असला तरी. मी हाच दंडक सगळीकडे धरतो.

कॅमेऱ्यात जे दिसलं ते समजायला आधी लाकडांकडे यावं लागेल. राशीतला एक ओंडका फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर मी ओलाव्याचा मीटर टोचला. आकडा ३४ टक्के. (बाहेरच्या सालीवर टोचला असता तर २० च्या आत आला असता. म्हणून फोडूनच मोजायचं.) हा मीटर सुक्या लाकडाच्या वजनाशी तुलना करून सांगतो, म्हणजे १० किलो सरपणात अडीच लिटर पाणी. ते पाणी उकळून उडवण्यात आगीची शक्ती जाते, आग थंड पडते, आणि न जळलेले वायू धुराड्यात चढतात. धुराड्याची भिंत सुमारे १२० अंशांच्या खाली असली की हे वायू तिथे थिजतात आणि डांबरासारखा थर बसतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. आधी तो भुरभुरीत काजळी असतो आणि ब्रशने निघतो. मग कुरकुरीत पापुद्रे होतात. पुन्हा पुन्हा तापून-गारठून शेवटी तो काचेसारखा चकचकीत, टणक होतो आणि साध्या ब्रशला दाद देत नाही. थर ३ मिलीमीटरचा झाला की धुराडं साफ केल्याशिवाय वापरायचं नाही, हा सर्वमान्य दंडक आहे. इथे वरच्या तिसऱ्या भागात ८-९ मिलीमीटरचा चकचकीत थर होता. थंड बाहेरचं धुराडं, ओलं लाकूड, आणि रात्रभर पुरावेत म्हणून धुमसत ठेवलेले ओंडके, या तिन्हींनी मिळून तो साठवला होता.

त्याच्या खाली एका पट्ट्यात मात्र थर वेगळा होता. मधाच्या पोळ्यासारखा फुगलेला, हलका, राखाडी-काळा. क्रिओसोट जळून गेल्यावर असा दिसतो. मी घरच्यांना विचारलं, कधी धुराड्यातून मोठा आवाज आला होता का? आजोबा म्हणाले, “गेल्या हिवाळ्यात एका रात्री आला होता. आगगाडी जवळून जावी तसा. पाच-दहा मिनिटं. मला वाटलं वारा आहे.” तो वारा नव्हता. धुराड्यातली आग १००० अंशांच्या वर जाऊ शकते, आणि तेव्हा ती हवा ओढते त्याचाच हा घरघराट असतो. जळायचं ते जळून ती आपोआप थांबली होती. पण जाताना मातीच्या अस्तराला एका सांध्याशी उभी चीर पाडून गेली होती. त्या चिरेच्या बाहेर, विटांना टेकून, छताची एक तुळई होती, आणि तिची धुराड्याकडची बाजू कोळशासारखी काळी झाली होती.

माझ्या दृष्टीने या घरातला सर्वांत मोठा धोका ही तुळई होती, त्या रात्रीच्या वायूपेक्षाही. लाकूड वर्षानुवर्षं मंद तापत राहिलं की त्याची रचना बदलत जाते आणि ते पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. म्हणूनच विटांचं धुराडं आणि लाकडी सांगाडा यांच्यात मोकळी जागा राखायची असते. घराच्या आतल्या भागात ती साधारण ५ सेंटीमीटर असावी लागते. इथे शून्य होती, घर बांधल्यापासून. पुढची एखादी धुराड्यातली आग त्या चिरेतून सरळ छतात शिरली असती.

तसा आवाज कधी आला, किंवा धुराड्याच्या तोंडातून ज्वाळा, ठिणग्या दिसल्या, तर सगळ्यांना बाहेर काढून अग्निशमन दलाला बोलवायचं. जाता जाता सहज जमलं तर हवेची वाट, काचेची दारं असतील तर ती, बंद करायची. धुराड्यात वरून पाणी ओतायचं नाही. तापलेलं अस्तर फुटतं आणि वाफ अंगावर येते. आग आपोआप थांबली तरी कॅमेऱ्याने तपासणी झाल्याशिवाय पुन्हा पेटवायचं नाही.

काय बदललं

दुरुस्तीला चार महिने गेले. काळवंडलेली तुळई कापून नवी बसवली, मोकळी जागा राखून. चकचकीत थर यांत्रिक साधनांनी खरवडून काढला आणि आत स्टेनलेस स्टीलचं, बाहेरून उष्णतारोधक गुंडाळलेलं अस्तर सोडलं. या गुंडाळीमुळे बाहेरच्या भिंतीतलं धुराडं आता लवकर तापतं आणि गरम राहतं. वर जाळीची टोपी बसली, पाऊस, पक्ष्यांची घरटी आणि ठिणग्या अडवायला.

कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म दोन्ही मजल्यांवर, झोपायच्या खोल्यांजवळ लावले. ते आवश्यकच आहेत, पण त्यांची मर्यादा मी घरच्यांना बसवून समजावली. युरोपीय मानकाचा अलार्म दहा लाखांत ५० भाग वायू असेल तर तास ते दीड तासाने, १०० भागांना १० ते ४० मिनिटांत आणि ३०० भागांना तीन मिनिटांच्या आत वाजतो. ३० भागांना तो निदान दोन तास तरी वाजत नाही. म्हणजे कमी प्रमाण तासन्‌तास राहिलं, तर हृदयविकार असलेल्या किंवा म्हाताऱ्या माणसाला त्रास होऊ शकतो आणि अलार्म गप्प राहू शकतो. अलार्म आहे म्हणून झडप थोडी लावली तर चालेल, हा हिशेब करू नये. त्याचं आयुष्यही ठरलेलं असतं, मागे छापलेल्या तारखेला तो बदलावा लागतो.

शेकोटी लावायची पद्धत पूर्ण बदलली. पेटवण्याआधी दोन्ही पंखे बंद, खालची खिडकी दोन बोटं उघडी, झडप पूर्ण उघडी. मग काडी पेटवून विझवायची आणि तिचा धूर शेकोटीच्या तोंडाशी धरायचा. धूर आत, वर ओढला गेला तर ठीक. खोलीकडे आला तर कागदाची पेटती सुरळी झडपेजवळ धरून आधी धुराडं तापवायचं. लाकडं रचायची ती मोठी खाली, बारीक वर, आणि पेटवायचं वरून. यात वरची ज्वाळा खालून निघणारे वायू जाळत जाते आणि सुरुवातीचा धूर खूप कमी होतो. माझ्या अनुभवात या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने पडतो. रॉकेल, पेट्रोल यांचा थेंबही नाही. रंगवलेलं, कीडरोधक रसायन लावलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक हेही नाही, कारण त्यांच्या धुरातून आणि राखेतून विष येतं.

लाकूड फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकलेलं आणि बाजूंनी उघडं असं रचलंय. गच्च गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या आत ओलावा कोंडतो, हे आजोबांनी आकडे पाहून मान्य केलं. दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी फोडलेल्या ओंडक्यावर मीटरने १८ दाखवले. २० च्या आत आल्याशिवाय जाळायचं नाही, असं ठरलंय.

आग आता लहान, पण झगझगीत ठेवतात. रात्रभर पुरावेत म्हणून ओंडके घालणं बंद. शेवटचं लाकूड नऊ वाजता. अकराला कुणीतरी निखारे पसरून मोकळे करतं, झडप तशीच उघडी ठेवतं, खिडकी तशीच. आजोबांचं अंथरूण शेजारच्या खोलीत हलवलं. त्यांना ते आवडलं नाही. समोर विस्तव बघत झोपायची त्यांची सवय जुनी, आणि ती मोडताना मलाही वाईट वाटलं. नात म्हणाली, “आजोबा, तुम्ही नऊपर्यंत बसा ना, मी पण बसते.” आता दोघं बसतात.

एक गोष्ट सुटलेली नाही. वारा पडलेला, बाहेर फारशी थंडी नाही, अशा संध्याकाळी धुराड्याची ओढ नव्या अस्तरानंतरही कमजोरच राहते, कारण आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरकच थोडा असतो. काडीचा धूर दोनदा खोलीकडे आला तर त्या दिवशी शेकोटी लावत नाहीत. गेल्या हिवाळ्यात असे अकरा दिवस आले, हे मुलीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत फुलीने नोंदवलं आहे. राखेचं भांडं मागच्या अंगणात दगडावर असतं, आणि त्याच्या झाकणावर खडूने भरल्याची तारीख लिहिलेली असते.